तेवीस वर्षांनीं लाभलेलें महावीरचक्र

रणांगणावरील पराक्रम आणि त्या पराक्रमाची कीर्ति या दोन वस्तु एक नव्हेत. पराक्रम करणें वीराच्या हातीं असतें. कीर्ति मात्र साक्षीदाराच्या हातीं असते. पायदळांतील शिपाई शत्रूच्या मोर्च्यावर चालून जातो तेव्हां त्याच्या उजव्या-डाव्या बाजूस त्याचे सोबती असतात. तो पडला तरी तो कसा पडला, हें सांगणारा कोणी ना कोणी मागें उरतो. लढाऊ विमानांतील वैमानिकाची गोष्ट निराळी आहे. एकाच आसनाच्या त्या यंत्रांत तो सर्वस्वीं एकटा असतो. त्याचे सोबती ताशीं ९०० किलोमीटरच्या वेगानें जात असतात, म्हणजे एका मिनिटांत १५ किलोमीटर अंतर तोडीत असतात. एवढ्या वेगांत मागें वळून पाहण्यास अवसर नसतो. एखादें विमान मागें राहिलें तर तें कां राहिलें, हें तें घरीं परतल्यावरच कळावयाचें. आणि तें परतलेंच नाहीं तर बहुधा कधींच कळावयाचें नाहीं.

भारतीय वायुसेनेंतील स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोप्पय्या देवय्या हे ७ सप्टेंबर १९६५ रोजीं पाकिस्तानांतील सरगोधा येथील विमानतळावर झालेल्या हल्ल्यांतून परत आले नाहींत. त्यांना महावीरचक्र मिळालें तें १९८८ सालीं. मध्यें तेवीस वर्षें गेलीं. हा सारा काळ सरकारी दप्तराच्या दिरंगाईंत गेला असावा, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. देवय्यांनीं त्या दिवशीं काय केलें, हेंच मुळीं त्यांच्या देशाला ठाऊक नव्हतें; आणि जेव्हां तें ठाऊक झालें तेव्हां तें शत्रूच्या तोंडून झालें. म्हणून ही हकीकत एका वीराची तर आहेच. पण एखादें कृत्य खरोखर घडलें असें आपण कशावरून मानतों, त्याचीहि ती हकीकत आहे.

देवय्या हे कोडगूचे, म्हणजे ज्याला पूर्वीं कूर्ग म्हणत त्या प्रांताचे. पश्चिम घाटाच्या माथ्यावरील, कॉफीच्या मळ्यांचा आणि कावेरीच्या उगमाचा हा डोंगराळ मुलूख कर्नाटकांत मोडतो. अज्जमाड हें त्यांच्या कुळाचें नांव. कोडव लोकांत कुळाला ओक्का म्हणतात, आणि त्याचें नांव माणसाच्या नांवाच्या आधीं लावण्याची तिकडे चाल आहे. लहानशा या मुलखानें भारतीय सैन्याला मोठमोठे सेनानी दिले आहेत. १५ जानेवारी १९४९ रोजीं भारताचे पहिले भारतीय सरसेनापति झालेले करिअप्पा येथलेच. १९५७ ते १९६१ या काळांत लष्करप्रमुख असलेले जनरल तिमय्या हेहि येथलेच. करिअप्पांचे चिरंजीव वायुसेनेंत होते, आणि याच १९६५ च्या युद्धांत हंटर विमान चालवीत असतां ते पाकिस्तानच्या हातीं सांपडले होते. शस्त्र हातीं धरणें हा जेथें कुळाचार मानला जातो, अशा या मुलखांत देवय्यांचा जन्म २४ डिसेंबर १९३२ रोजीं झाला. १९५४ सालीं ते वायुसेनेंत अधिकारी म्हणून दाखल झाले. युद्ध सुरू झालें तेव्हां ते नव्या वैमानिकांना उड्डाणाचें शिक्षण देणारे अध्यापक होते. तेथून त्यांची नेमणूक पंजाबांतील आदमपूरच्या तळावर असलेल्या पहिल्या स्क्वाड्रनमध्यें झाली. १९३३ सालीं कराचीस उभारलेली ही तुकडी भारतीय वायुसेनेंतील सर्वांत जुनी. तिला 'टायगर्स' असें म्हणतात.

त्या सप्टेंबरांत घटना भराभर घडत गेल्या. १ तारखेस पाकिस्तानी सैन्यानें छांब विभागांत मोठी चढाई केली. ६ तारखेस भारतीय सैन्यानें लाहोरच्या रोखानें नवी आघाडी उघडली. त्याच दिवशीं सायंकाळीं पाकिस्तानी विमानांनीं भारताच्या तळांवर हल्ले केले. पठाणकोट येथें जमिनीवर उभीं असलेलीं सुमारे दहा भारतीय विमानें नष्ट झालीं. हा घाव वर्मीं बसणारा होता. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशीं पहांटे सरगोध्यावर हल्ला करण्याचें ठरलें. सरगोधा हें पाकिस्तानी वायुदलाचें हृदयच होतें. मुख्य विमानतळाभोंवतीं लहान-लहान उपतळ, आणि त्यांवर अमेरिकेनें दिलेलीं सेबर व स्टारफायटर विमानें. अडचण एवढीच कीं, तें सरहद्दीपासून दीडशें किलोमीटरहून अधिक आंत होतें. आदमपूरहून तेथवर सरळ रेषेनेंच सुमारे ३०० किलोमीटर पडतात.

ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे. कारण पुढें जें घडलें त्याचें मर्म तिच्यांतच आहे. पहिल्या स्क्वाड्रनजवळ फ्रेंच बनावटीचीं मिस्टेअर विमानें होतीं. शत्रूच्या रडारच्या नजरेखालून जावयाचें म्हणजे जमिनीलगत उडावें लागतें. आणि जमिनीलगतच्या दाट हवेंत जेट विमानाला इंधन फार लागतें. त्यांतून पंखांखालीं स्फोटकांचें ओझें. या हिशेबानें जाणें, हल्ला करणें आणि परत येणें एवढ्यापुरतेंच इंधन पुरत होतें. वाटेंत शत्रूच्या विमानाशीं झुंज जुंपली तर इंजिन पूर्ण जोरानें चालवावें लागतें, आणि मग घरचा रस्ता तुटतो. म्हणून अशा मोहिमेंत वैमानिकाचें कर्तव्य एकच असतें: हल्ला करावा आणि शक्य तितक्या त्वरेनें माघारीं यावें. लढत बसणें हें त्याचें काम नव्हे.

तुकडीचे प्रमुख विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखालीं बारा विमानांनीं जावें असें ठरलें. देवय्यांचें नांव या बारांत नव्हतें. ते राखीव वैमानिक होते. बारांपैकीं एखाद्या विमानांत बिघाड झाला तरच त्याची जागा त्यांनीं घ्यावयाची. पहांटेच्या अंधारांत विमानें उडालीं. एक विमान गळालें. आणि देवय्या त्याच्या जागीं मोहिमेंत सामील झाले. उजाडतां उजाडतां मिस्टेअर सरगोध्यावर पोहोंचलीं. हल्ला झाला आणि विमानें पूर्वेकडे वळलीं. आदमपूरला परत आल्यावर मोजदाद झाली, तेव्हां देवय्या त्यांत नव्हते. परत आलेल्यांपैकीं कोणीहि त्यांना पडतांना पाहिलें नव्हतें. दप्तरांत त्यांच्या नांवापुढें 'बेपत्ता' अशी नोंद झाली.

प्रत्यक्षांत काय घडलें होतें? हल्ला करून परतणाऱ्या मिस्टेअर विमानांच्या पाठलागावर फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन हे पाकिस्तानी वैमानिक स्टारफायटर घेऊन आले होते. या दोन विमानांची तुलना केल्याशिवाय प्रसंगाचें गांभीर्य ध्यानांत येणार नाहीं. स्टारफायटर म्हणजे त्या काळचें जगांतील अत्यंत वेगवान लढाऊ विमान. ध्वनीच्या दुप्पट वेगानें तें जात असे. त्याच्या पंखांच्या टोकांशीं उष्णतेचा माग काढीत जाणारीं साइडवाइंडर क्षेपणास्त्रें असत, आणि पोटांत सहा नळ्यांची गरगर फिरणारी तोफ असे. उलट मिस्टेअर सरळ उड्डाणांत ध्वनीच्या वेगाला गांठूं शकत नसे. सूर मारून खालीं येतांनाच काय ती तेवढी मजल. क्षेपणास्त्र नाहीं, शस्त्र म्हणजे ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. अशा विमानानें स्टारफायटरपुढून पळून जाणें शक्यच नव्हतें. मात्र एका बाबतींत दुबळें विमान सरस होतें. स्टारफायटरचे पंख इतके आंखूड आणि पातळ होते कीं, कमी वेगांत त्याला झटकन वळतां येत नसे. मिस्टेअर वळण्यांत त्याच्याहून चपळ होतें. म्हणून स्टारफायटरच्या वैमानिकाला धडा दिलेला असे कीं, वेगानें यावें, घाव घालावा आणि वेगानेंच निघून जावें. वळणावळणाच्या झुंजींत कधींहि गुंतूं नये.

अमजद हुसेन यांनीं सोडलेल्या क्षेपणास्त्राचा नेम चुकला. तेव्हां त्यांनीं जवळ येऊन तोफ चालविली. गोळे देवय्यांच्या विमानास लागले. तें विमान आतां संपलें, अशा समजुतीनें हुसेन यांनीं आपलें लक्ष दुसरीकडे वळविलें. पण जखमी मिस्टेअर अजून उडत होतें. देवय्यांनीं तें वळवून स्टारफायटरच्या अंगावर घातलें. वेगाचा राजा वळणांच्या झुंजींत सांपडला. जमिनीपासून थोड्याच उंचीवर चाललेल्या त्या गांठीभेटींत मिस्टेअरच्या तोफांचे गोळे स्टारफायटरला लागले. त्याचा ताबा सुटला आणि हुसेन यांना हवाई छत्रीच्या साहाय्यानें उडी टाकून जीव वांचवावा लागला. देवय्यांचें विमानहि तेथून जवळच कोसळलें. ते वांचले नाहींत. त्यांचा देह तेथल्या खेडुतांना सांपडला व त्यांनीं तो तेथेंच पुरला, असें पुढें कळलें. मृत्युसमयीं त्यांचें वय ३२ वर्षांचें होतें.

ही सारी हकीकत आज अशी सलग सांगतां येते. १९६५ सालीं आदमपूरला तिच्यांतील एक अक्षरहि ठाऊक नव्हतें. लढाऊ विमानांत तोफेबरोबर चालणारा एक कॅमेरा बसविलेला असतो. तोफ सुटली कीं त्याची फीत फिरूं लागते, आणि वैमानिकाचा दावा खरा कीं खोटा हें त्या फितीवरून ठरतें. पण विमानच परत आलें नाहीं तर फीत कोठून येणार? शौर्यपदकासाठीं शिफारस करावयाची ती तुकडीच्या प्रमुखानें, आणि ती करावयाची कृत्याच्या आधारावर. तनेजांच्या हातीं शिफारस करण्याजोगें कांहींच नव्हतें. वैमानिक उडाला, तो आला नाहीं, याहून अधिक त्यांना काय लिहितां येणार होतें? कर्तव्य करतांना मरण येणें हें थोरच आहे. परंतु त्या युद्धांत तसें मरण अनेकांना आलें, आणि प्रत्येकाला महावीरचक्र देतां येत नाहीं.

महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत गांवोगांवीं जुन्या देवळांच्या आवारांत वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटींत लढाई किंवा पडलेला वीर, वर त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, आणि त्याहि वर शिवपूजेंत मग्न झालेला तोच वीर, अशी त्यांची रचना असते. या शिळांपैकीं कित्येकांवर वीराचें नांव कोरलेलें नसतें. त्याचें कृत्य तेवढें दगडांत राहिलें. तो कोणाचा कोण, हें गांव विसरून गेला. देवय्यांच्या बाबतींत याच्या अगदीं उलट झालें होतें. त्यांचें नांव, हुद्दा, विमान, उड्डाणाची तारीख हें सर्व दप्तरांत नीट लिहून ठेवलेलें होतें. कृत्याची चौकट तेवढी कोरी होती.

ती चौकट भरण्याची एक संधि मध्यंतरीं येऊन गेली. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत अमजद हुसेन यांचें विमान अमृतसर येथें भारताच्या विमानविरोधी तोफांनीं पाडलें, आणि ते भारताचे युद्धकैदी झाले. सरगोध्याच्या त्या झुंजींतील दुसरा गडी अशा रीतीनें भारतांतच होता. परंतु ज्याचें उत्तर त्यांनीं द्यावें, असा प्रश्न तोंपर्यंत भारतांत कोणीं उपस्थित केलेला दिसत नाहीं.

पुढें १९७९ सालीं जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचें, १९६५ च्या हवाई युद्धाचा पाकिस्तानच्या बाजूनें इतिहास सांगणारें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत स्टारफायटर आणि मिस्टेअर यांच्या झुंजीचें वर्णन आलें. स्टारफायटर मिस्टेअरच्या तोफांनीं पडलें, ही गोष्ट तेथें कबूल केलेली होती. भारतीय वैमानिकाचें नांव अर्थातच त्यांत नव्हतें. पण नांवाची जरूरीच उरली नव्हती. सरगोध्यावर त्या सकाळीं मिस्टेअर घेऊन गेलेले वैमानिक कोण, हें आदमपूरच्या दप्तरांत होतें. त्यांपैकीं परत आले ते सारे आपापली हकीकत सांगून चुकले होते. त्यांपैकीं कोणीहि स्टारफायटर पाडल्याचें म्हटलें नव्हतें. परत न आलेला मिस्टेअरचा वैमानिक एकच होता. शत्रूच्या पुस्तकांत नांवावांचून राहिलेलें कृत्य आणि आपल्या दप्तरांत कृत्यावांचून राहिलेलें नांव, हीं एकमेकांस अशीं जुळलीं.

शत्रूच्या साक्षीवर विश्वास ठेवून सन्मान द्यावा काय, अशी शंका कोणी काढील. विचार केला तर असें दिसतें कीं, या प्रसंगीं याहून भक्कम साक्ष असूंच शकत नव्हती. न्यायालयांतहि आपल्या हिताविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराचें म्हणणें विशेष वजनदार मानतात. आपण शत्रूचीं किती विमानें पाडलीं, हें सांगतांना दोन्ही बाजूंचे वैमानिक उत्साहाच्या भरांत चुकतात. हा जगांतील सर्व हवाई युद्धांचा अनुभव आहे. पण आपलें स्वतःचें विमान पडलें, आणि तेंहि जुन्या, मंद, क्षेपणास्त्रहीन विमानाकडून पडलें, हें सांगण्यांत कोणाला कसला लाभ? स्टारफायटर हें पाकिस्तानचें अभिमानाचें विमान होतें. त्याच्या पराभवाची कबुली ही खरी असल्यावांचून दिली जात नाहीं. देवय्यांच्या पराक्रमाला त्यांच्या मित्रांनीं साक्ष दिली असती, तर तींत प्रेमाचा अंश आहे असें म्हणण्यास जागा राहिली असती. प्रतिस्पर्ध्याच्या साक्षीनें तेवढीहि जागा ठेवली नाहीं.

तरीहि पुस्तकांतील मजकूर आपण होऊन पदक होत नाहीं. त्यासाठीं कोणीतरी माणूस झटावा लागतो. युद्धाच्या इतिहासाचें काम करणारे एअर कमोडोर प्रीतमसिंग यांनीं हे धागेदोरे जुळविले. जुने प्रमुख तनेजा यांनीं १९८७ सालीं सरकारला लिहून आपल्या सहकाऱ्याचा यथोचित सन्मान व्हावा अशी मागणी केली. बावीस वर्षांपूर्वीं जी शिफारस लिहितां आली नव्हती ती त्यांनीं अखेर लिहिली. १९८८ सालीं देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें आणि तें त्यांच्या पत्नीनें स्वीकारलें. परमवीरचक्राच्या खालोखाल हा रणांगणावरील शौर्याचा सर्वोच्च मान आहे. चांदीच्या वाटोळ्या पदकावर पांच टोकांची तारका, तिच्या मध्यभागीं राजमुद्रा, आणि अर्धी पांढरी व अर्धी नारिंगी अशी फीत, असें त्याचें स्वरूप असतें.

उशिरानें होणाऱ्या सन्मानाचे प्रकार दोन. कलकत्त्यास १८९८ सालीं जन्मलेला इंद्रलाल रॉय हा तरुण पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश वायुदलांत होता. जुलै १९१८ मध्यें थोड्याच दिवसांत त्याच्या नांवावर दहा विजय नोंदले गेले, आणि २२ जुलै रोजीं, वयाचीं वीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, तो फ्रान्सच्या भूमीवर पडला. त्याला पदक दोनच महिन्यांनीं मिळालें. कारण कृत्यें सोबत्यांनीं पाहिलेलीं होतीं. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्यानें मात्र त्याच्या स्मृतीचें तिकीट काढलें तें १९९८ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर ऐंशीं वर्षांनीं. तेथें कृत्य ठाऊक होतें, स्मरण उशिरां झालें. देवय्यांच्या बाबतींत ज्ञानच उशिरां झालें. पहिल्या प्रकारांत समाजाकडे बोट दाखवितां येतें. दुसऱ्यांत दोष द्यावा असा कोणी सांपडत नाहीं. पण कळल्यानंतरहि स्वस्थ बसणें हा दोषच झाला असता, आणि तो तनेजा व प्रीतमसिंग यांच्यासारख्या माणसांनीं लागूं दिला नाहीं.

देवय्यांचें तें वळणें हें शौर्य कीं साहस, असाहि प्रश्न विचारतां येईल. लढूं नये, परत यावें, हा मोहिमेचा नियम होता. पण नियम हा परत येणें शक्य असलेल्यासाठीं असतो. पाठीवर दुप्पट वेगाचें विमान, अंगावर झालेले आघात, आणि पुढें इंधन खाणारा लांबचा पल्ला. अशा स्थितींत पळण्यानें जीव वांचला असता असें म्हणवत नाहीं. पळत राहिलें असतें तर एकच विमान पडलें असतें. वळल्यामुळें दोन पडलीं. आणि स्टारफायटर जोंवर त्यांच्याशीं गुंतलें होतें तोंवर परतीच्या वाटेवरील दुसऱ्या मिस्टेअरचा पाठलाग त्याला करतां आला नाहीं. नव्या वैमानिकांना शिकविणाऱ्या त्या अध्यापकाला आपलें विमान काय करूं शकतें आणि शत्रूचें विमान काय करूं शकत नाहीं, हें पुरें ठाऊक असलें पाहिजे. नेमक्या त्याच उणिवेवर त्यांनीं घाव घातला. याला आंधळें साहस म्हणतां येत नाहीं.

कोडगूची राजधानी मडिकेरी येथील एका चौकाला आज देवय्यांचें नांव आहे. जानेवारी २०२५ मध्यें या प्रसंगावर आधारलेला 'स्काय फोर्स' हा हिंदी चित्रपटहि निघाला. त्यांत पात्रांचीं नांवें बदललेलीं आहेत, आणि चित्रपट हा इतिहास नव्हे. तरी ज्यांनीं सरगोध्याचें नांव ऐकलें नव्हतें अशा तरुण पिढीपर्यंत ही गोष्ट त्यामुळें पोहोंचली, हें मान्य केलें पाहिजे.

पदकाचा उपयोग मृताला नसतो, हें सर्वांना ठाऊक आहे. त्याचा उपयोग असतो तो मागें राहिलेल्यांना. 'बेपत्ता' हा शब्द घरांत घेऊन तेवीस वर्षें काढणें म्हणजे काय, हें ज्या घरांतील माणूस युद्धास गेला आणि परतला नाहीं त्या घरालाच समजेल. मरणाचें दुःख काळानें बोथट होतें. पण तें मरण कसें आलें, एकाकी आणि व्यर्थ आलें काय, ही टोंचणी काळानें बोथट होत नाहीं. तिला उत्तर लागतें. १९८८ सालीं देवय्यांच्या पत्नीच्या हातीं चांदीचें एक वर्तुळ आलें. त्याच्याबरोबर तें उत्तरहि आलें. तेवढ्यासाठीं जुनीं दप्तरें पुन्हां उघडण्याचे, शत्रूचीं पुस्तकें वाचण्याचे आणि सरकारला पत्रें लिहिण्याचे श्रम कोणत्याहि देशानें आणि कितीहि वर्षांनीं घ्यावेत. ते वायां जात नाहींत.